शोध घेण्याची विद्या



विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अलीकडे कार्यशाळा भरतात. संगणकावर शोध कसा घ्यावा, संशोधनाचे लेख कसे मिळवावेत, ते पारखावेत कसे आणि त्यांची नोंद कशी ठेवावी, हे तिथे शिकवतात. या कार्यशाळांविषयी मी बोलावे असे या व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचवले, तेव्हा मला हसू आले. कार्यशाळा म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे लेथ आणि वेल्डिंगच्या ठिणग्या येतात. शिवाय हा विषय प्राध्यापकांचा. माझी शाळा दहावीनंतर सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या दारावर, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. मी हे म्हणताच चालक म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. ही विद्या ठाऊक नसल्याची किंमत काय असते, ते तुम्हाला माहीत आहे."

ते खरे आहे. फक्त एवढेच, की ती किंमत मी मोजली नाही. दुसऱ्या एका माणसाने मोजली. त्याची हकीकत आधी सांगतो. पुढचे सारे विवेचन तिच्यातूनच निघणार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका सूतगिरणीत कार्डिंग खात्यात एक कामगार होता. ज्यांनी सूतगिरणी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कापसाच्या गाठी आधी ब्लोरूममध्ये फोडतात, तिथून कापूस कार्डिंगला जातो, तिथे तो पिंजून त्याची पेळूसारखी वात निघते. या दोन खात्यांत धूळ सर्वांत जास्त. पाळी संपवून माणूस बाहेर आला की भुवयाही पांढऱ्या दिसतात. या माणसाचा आठवड्याचा सुट्टीचा वार गुरुवार होता. शुक्रवारी कामावर आला की दुपारनंतर त्याची छाती भरून येई, श्वास पुरत नसे. शनिवारी जरा बरे वाटे, रविवारी-सोमवारी ठीक. पुढचा शुक्रवार आला की पुन्हा तेच. त्यामुळे शुक्रवारी तो गैरहजर राहू लागला.

व्यवस्थापनाने मस्टर पुढे केले. सुट्टीला जोडून नेमकी दांडी! म्हणजे आळस, किंवा आदल्या दिवशीची दारू. आरोपपत्र आले, चौकशी बसली. कामगाराचा प्रतिनिधी म्हणून मी उभा राहिलो. मी काय सांगितले? माणूस गरीब आहे, दोन मुले आहेत, दया करा. दवाखान्याच्या कागदावर नुसते 'दमा' लिहिलेले. दम्याला वार कळतो का, असा प्रश्न मला विचारला गेला आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी त्याने राजीनामा लिहून दिला, हिशेब घेतला आणि तो गावी निघून गेला.

या गोष्टीनंतर बऱ्याच काळाने एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातली कार्यशाळा बाहेरच्या लोकांसाठीही खुली आहे, असे कळले, म्हणून मी गेलो. शिकवणाऱ्या ग्रंथपालबाईंची पद्धत मला आवडली. त्यांनी भाषण केले नाही. प्रत्येकाला त्या म्हणाल्या, "तुमचा स्वतःचा एक प्रश्न कागदावर लिहा, दिवसभर आपण त्याचाच शोध घेऊ." माझ्या शेजारची मुले पीएच.डी.ची. त्यांनी मोठमोठे विषय लिहिले. मी लिहिले, 'कापसाच्या गिरणीत सुट्टीनंतरच्या दिवशीच छाती का भरते?'

आता ती विद्या काय आहे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट शब्दाची. मी संगणकावर माझ्या मोडक्या इंग्रजीत कापूस, गिरणी आणि खोकला असे शब्द टाकले. हजारो नोंदी आल्या. त्यांत औषधांच्या जाहिराती होत्या, कापसाचे भाव होते, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. बाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या शब्दाने हाक मारता आहात. लिहिणाऱ्यांनी त्या वस्तूला कोणत्या नावाने नोंदवले आहे, ते आधी पाहू." हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्रंथालयात वस्तू एकाच ठरलेल्या नावाखाली ठेवतात, त्याला विषयशीर्षक म्हणतात. शिधापत्रिकेवर माणसाचे नाव एक आणि वाड्यात हाक दुसरीच, तसे हे आहे. कचेरीत हाकेच्या नावाने विचाराल तर माणूस सापडणार नाही.

मग ते ठरलेले नाव ओळखायचे कसे? त्याची युक्ती सोपी आहे. ढिगातला एक बरा लेख निवडायचा आणि त्याच्या नोंदीखाली कोणती विषयशीर्षके दिली आहेत ती वाचायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा 'पबमेड' नावाचा माहितीसाठा १९९७ सालापासून सर्वांना फुकट पाहता येतो. त्यात जगभरच्या वैद्यकीय लेखांच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना अशी शीर्षके चिकटवलेली आहेत. आम्ही एका लेखाची नोंद उघडली. खाली एक शब्द होता : बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार. तोच शब्द घालून पुन्हा शोध घेतला आणि पडद्यावर जणू धरणाचे दार उघडले.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. जवसाचा वाख पिंजणाऱ्यांच्या खोकल्याची दखल त्यांनी तेव्हाच घेतली होती. ब्रिटनमध्ये डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकाशायरच्या गिरण्यांतील कामगार तपासले आणि या विकाराच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीची खूण कोणती? आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येणे. तिकडे सुट्टी रविवारची, म्हणून याला 'सोमवारचा ताप' असेही नाव पडले. पुढे रोग वाढला की आठवड्याचे सगळेच दिवस सारखे होतात आणि फुप्फुसाची हानी भरून येत नाही.

मी खुर्चीत मागे टेकलो. आमच्या माणसाचा सोमवार शुक्रवारी येत होता, एवढाच फरक! ज्या मस्टरने त्याला आळशी ठरवले, ते मस्टर त्याच्या रोगाचा पुरावा होते. तो पुरावा चौकशीच्या टेबलावर माझ्यासमोर उघडा पडला होता आणि मला तो वाचता आला नाही.

याहूनही लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि तिच्यात कापसाच्या धुळीचा हा रोग नावानिशी छापलेला होता. ते पुस्तक माझ्या कचेरीतल्या फळीवर होते. ते पान मी अनेकदा उलटले असेन. परंतु यादीतले नाव आणि माणसाचा खोकला यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नाही. अक्षरओळख असूनही माणूस निरक्षर राहू शकतो, तो असा.

दुसरी गोष्ट शब्द जोडण्याची. संगणकाला मराठीतले 'आणि', 'किंवा' आणि 'नको' असे तीन हुकूम कळतात असे समजा. मस्टरमधून मला कार्डिंग खात्यातले आणि पन्नाशी ओलांडलेले कामगार हवे असतील तर 'आणि' म्हणायचे. यादी लहान होते. कार्डिंगचे किंवा ब्लोरूमचे म्हटले की यादी वाढते. बदली कामगार नको म्हटले की तेवढे गळतात. एवढ्या तीन शब्दांनी लाखभर नोंदींतून वीस-पंचवीस वेचता येतात. 'नको' मात्र जपून वापरावा, कारण नको असलेल्याबरोबर हवे असलेलेही कधी कधी गळून जाते.

हे तर्कशास्त्र ज्याने मांडले तो जॉर्ज बूल इंग्लंडातल्या लिंकन गावच्या एका चांभाराचा मुलगा. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. गणित आणि भाषा तो बव्हंशी स्वतःच शिकला. १८४९ साली आयर्लंडमध्ये कॉर्क येथे तो प्राध्यापक झाला आणि १८५४ साली विचारांच्या नियमांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. आज जगातला प्रत्येक संगणक त्याच्या गणितावर चालतो. आपल्याला हे जमणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

मराठीत शोध घेताना एक अडचण अधिक येते. आपले शब्द विभक्तीने रूप बदलतात. 'कामगार' शोधला तर 'कामगारांना' आणि 'कामगाराचे' निसटू शकतात. जुन्या वर्तमानपत्रांची छायाचित्रे संगणकात चढवलेली असली, तरी जीर्ण छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही; 'घ' चा 'ध' होतो. म्हणून शब्दाची निरनिराळी रूपे घालून पाहावीत, आणि तारीख ठाऊक असेल तर सरळ पाने उलटावीत. यंत्राला सापडले नाही म्हणजे ते नाहीच, असे समजू नये.

तिसरी गोष्ट माग काढण्याची. एक चांगला लेख सापडला की काम संपत नाही. तिथून ते सुरू होते. लेखाच्या शेवटी लेखकाने कोणाकोणाचा आधार घेतला ते दिलेले असते. त्यावरून मागे जाता येते. पण पुढे कसे जावे? या लेखाचा आधार नंतर कोणी घेतला, त्याला कोणी खोडले, हे कसे कळावे? अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानलेखांची अशी सूची प्रसिद्ध केली, की जिच्यात एखाद्या जुन्या लेखाखाली त्याला पुढे उद्धृत करणारे नवे लेख सापडावेत. बाप ठाऊक असला की मुलेनातवंडे सापडतात, अशी ही वंशावळ. आज संगणकावर हे काम एका बोटाने होते. शिलिंग यांच्या लेखांवरून पुढे येत येत मी अमेरिकेपर्यंत पोचलो. तिथे १९७८ साली गिरण्यांतील कापसाच्या धुळीवर मर्यादा घालणारा नियम झाला, गिरणीमालक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८१ साली न्यायालयाने तो नियम मुख्यतः कायम केला.

लेखांचे संगणकावरचे पत्ते बदलतात, म्हणून २००० सालापासून लेखांना एक कायमचा क्रमांक देण्याची पद्धत पडली आहे. त्याला डीओआय म्हणतात. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांना हे चटकन समजेल. गिरणी बदलली तरी भविष्यनिर्वाह निधीचा युएएन क्रमांक बदलत नाही, तसेच हे. पत्ता लिहून घेण्यापेक्षा हा क्रमांक लिहून घ्यावा.

चौथी गोष्ट पारखण्याची, आणि ती आजच्या काळी सर्वांत महत्त्वाची. आकडा दिसला की त्याचे मूळ विचारावे. आमच्याच व्यवहारातले उदाहरण देतो. महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो आणि तो निर्देशांक केंद्र सरकारचा लेबर ब्युरो काढतो. २०२० च्या सप्टेंबरपासून त्याचे पायाभूत वर्ष २००१ च्या ऐवजी २०१६ झाले. त्यामुळे तीनशेच्या वर गेलेला आकडा एकदम ११८ वर आला. महागाई एका रात्रीत तिसऱ्या हिश्शावर उतरली काय? मुळीच नाही. नवा आकडा २.८८ ने गुणला की जुन्या मापात येतो. हा गुणक ब्युरोनेच जाहीर केलेला आहे. ज्याने मूळ पत्रक पाहिले त्याला हे कळले. ज्याने नुसता आकडा ऐकला, तो करार करताना फसू शकतो.

कायद्याचेही तसेच. मी आत्ता सांगितलेला १९२३ चा कायदा आज त्या रूपात राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. जुनी पुस्तके आणि जुने लेख संगणकावर तसेच आहेत आणि त्यांवर 'रद्द' असा शिक्का नाही. तेव्हा कागद कोणाचा आहे, याच्या बरोबरीने तो कधीचा आहे हेही विचारले पाहिजे.

आणि आता तर प्रश्न विचारताच गोड भाषेत उत्तर लिहून देणारी यंत्रे आली आहेत. मी त्यांचा द्वेष करीत नाही. परकी भाषा समजून घ्यायला, अर्जाचा मसुदा करायला त्यांचा उपयोग होतो. परंतु २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात काय घडले ते ऐका. वकिलांनी अशा यंत्राकडून पूर्वीचे निवाडे मागितले आणि ते न तपासता दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते! यंत्राने पक्षकारांची नावे, क्रमांक, उतारे असे सारे रचून दिले होते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. त्या वकिलांना तो परवडला असेल. आमच्या कामगाराच्या खटल्यात असे झाले तर त्याची भाकरी जाते. म्हणून नियम एकच. यंत्राने सांगितलेला प्रत्येक आधार स्वतः उघडून पाहावा. उघडत नसेल तर तो वापरू नये.

पाचवी गोष्ट नोंदीची. काय पाहिले, कोठे पाहिले, कोणत्या दिवशी, कोणते शब्द घालून, हे लिहून ठेवावे. वर्गणीची पावती फाडल्याशिवाय पैसा घ्यायचा नाही हा युनियनचा शिरस्ता, तोच इथे. यासाठी 'झोटेरो' नावाची एक सोय अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली निघाली आणि ती विनामूल्य आहे. ती जमली नाही तर शंभर पानी वही पुरते. मी वहीच वापरतो.

या पाच गोष्टी शिकायला मला एक दिवस लागला आणि अंगवळणी पडायला वर्ष लागले. नंतर त्याच धर्तीचे दुसरे प्रकरण आले. कार्डिंगचाच कामगार, तशाच गैरहजेऱ्या. या वेळी मी दयेची भाषा केली नाही. मस्टरमधल्या गैरहजेऱ्या त्याच्या सुट्टीच्या वाराशेजारी मांडल्या, छापील लेख जोडले आणि डॉक्टरांना विनंती केली, की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर त्याच्या श्वासाची यंत्रावर तपासणी करा. प्रत्येक खोकला म्हणजे हा रोग नव्हे. ते ठरवणे डॉक्टरांचे काम, युनियनचे नव्हे. पण काय शोधायचे ते डॉक्टरांना सांगणारा कोणी तरी लागतो. त्या माणसाचे खाते बदलून मिळाले. नोकरी राहिली. विजय म्हणून मिरवावा इतका हा मोठा नाही. पहिल्या माणसाला मात्र तेवढाही मिळाला नाही, हे मी विसरू शकत नाही.

यातून मला जे कळले ते असे. ग्रंथालयाजवळ शब्द होता, माझ्याजवळ मस्टर होते. ग्रंथपालबाईंना शुक्रवार ठाऊक नव्हता, मला बिसिनोसिस ठाऊक नव्हते. दोघे एका टेबलाशी बसलो तेव्हा गाठ पडली. विद्यापीठाच्या या कार्यशाळांचे दार गावाकडे उघडे असावे, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. त्यात विद्यापीठाने आपल्यावर उपकार करण्याचा प्रश्न नाही. गावाजवळचे प्रश्न आत गेल्याशिवाय आतल्या विद्येलाही कामाला जागा मिळत नाही.

आज हे दार किती उघडे आहे? काही बाबतींत चांगले उघडले आहे. पीएच.डी.चे प्रबंध पूर्वी कपाटात कुलूपबंद असत. आज गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या साठ्यात देशातले लाखो प्रबंध कोणालाही वाचता येतात. सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजारांहून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था असा तिचा पसारा आहे. ही स्वागत करण्यासारखीच गोष्ट. परंतु ती त्या संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांच्यासाठी आहे. ज्याच्या करातून हे पैसे जातात, त्या गिरणीतल्या, दुकानातल्या, शेतातल्या माणसाचे नाव त्या यादीत नाही.

डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोचले पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. वाचक म्हणजे फक्त ओळखपत्र गळ्यात अडकवलेला, असे त्यांनी कोठे म्हटलेले नाही.

म्हणून माझी विनंती दोन बाजूंना आहे. विद्यापीठांच्या ग्रंथपालांना ही, की महिन्यातून एक कार्यशाळा रविवारी, मराठीत आणि गावातल्या माणसांसाठी घ्या. आणि "तुमचा प्रश्न घेऊन या" असे त्यांना सांगा. तुम्हा श्रोत्यांना ही, की बोलावणे येईल म्हणून वाट पाहू नका. आपल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एक संगणक असेल, एक जाणता ग्रंथपाल असेल. चार जण मिळून तिथे बसा. कोणाचा सातबाराचा प्रश्न असेल, कोणाचा पेन्शनचा, कोणाचा मुलीच्या आजाराचा. आज सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी कोणतीही फुकट मिळणाऱ्या साठ्यांवर शिकता येते.

१८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती कॉलेजातली विद्या गावात यावी म्हणून. आपण आज इथे बसलो आहोत ते त्याच वाटेने आलो आहोत. व्याख्यानात वक्ता शोधून आणतो आणि श्रोता ऐकतो. पुढची पायरी ही, की श्रोत्याने स्वतः शोधायला शिकावे आणि वक्त्यालाही विचारावे, हे तुम्ही कोठे वाचले?

आज रात्री घरी गेल्यावर एक काम करा. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही म्हणून तुम्ही गप्प बसलात, तो प्रश्न एका कागदावर लिहा. शोधाची सुरुवात तिथूनच होते. मी तो कागद फार उशिरा लिहिला.